नेपच्यून कोल्हापुरात

नेपच्यून सूर्यापासून साधारण साडेचार अब्ज किलोमीटर लांब आहे. हे वाक्य पुस्तकात चालतं. वाचणारा थांबतो, शून्यं मोजतो, पुढं जातो. कानावर पडलं की मात्र त्याचं काहीच होत नाही. ‘अब्ज’ ऐकलं काय नि ‘कोटी’ ऐकलं काय, मनात उमटतं ते एवढंच: लई लांब.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत एका घराच्या माडीवर विज्ञानाचा मराठी पॉडकास्ट तयार होताना मी बघत होतो, तेव्हा अख्खी संध्याकाळ या एका वाक्यानं खाल्ली. लिहिणारे आणि बोलणारे निवृत्त विज्ञानशिक्षक. गावात सगळे त्यांना सर म्हणतात. रेकॉर्डिंग आणि नंतरची कापाकापी भाच्याकडं. सरांनी वाक्य वाचलं आणि भाच्यानं हेडफोन न काढताच विचारलं, “मामा, ह्ये आईला कळंल काय?”

हा त्यांचा ठरलेला निकष. आई म्हणजे सरांची बहीण. ती गोठ्यात मोबाइल कोनाड्यात ठेवून धार काढता काढता ऐकते. हात गुंतलेले, कान मोकळे. तिला आकृती दाखवता येत नाही, आणि निसटलेलं वाक्य मागं नेऊन पुन्हा ऐकायला तिचा हात रिकामा नसतो. पॉडकास्ट ऐकणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. कुणी उसाला पाणी पाजतोय, कुणी एसटीत उभा आहे. पुस्तकाचा वाचक पुस्तकापुढं बसलेला असतो. हा श्रोता कुणापुढंच बसलेला नसतो.

सरांनी वाक्य खोडलं आणि कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. सूर्य गारगोटीच्या एसटी स्टँडवर ठेवायचा आणि नेपच्यून कोल्हापुरात. रस्त्यानं अंतर ढोबळमानानं 50 किलोमीटर. या मापानं सूर्य साडेपंधरा मीटर रुंद होतो, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा. पृथ्वी 14 सेंटिमीटरची, नारळाहून जरा मोठी, आणि ती स्टँडपासून पावणेदोन किलोमीटरला थोडी कमी, गावाबाहेर पडता पडता. तिच्यापासून सव्वाचार मीटरवर लिंबाएवढा चंद्र. मंगळ अडीच किलोमीटरवर. पुढं रस्ता रिकामा. गुरू येतो तो थेट कूरच्या आसपास, शनी मुधाळ तिट्ट्याच्या आसपास आणि युरेनस इस्पुर्लीकडं.

ही मांडणी का चालते, हे सरांनी मला समजावलं नाही, पण भाच्याच्या चेहऱ्यावर दिसलं. या रस्त्यानं तो शेकडो वेळा गेलाय. बिद्रीच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलाय, तिट्ट्यावर गाडीची वाट बघत चहा प्यालाय. कूर ते तिट्टा किती वेळ जातो, हे त्याच्या अंगाला माहीत आहे. प्रवासाचा कंटाळा हेच इथलं माप, आणि ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

मग सरांनी प्रकाश आणला. सूर्याचा उजेड पृथ्वीवर यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, हे शाळेत पाठ केलेलं असतं. गारगोटीच्या मापात तो ताशी 12 किलोमीटरनं येतो. “म्हंजे सायकलवर?” भाचा हसला. सायकलवरच, आणि तीही सावकाश. विश्वातली सगळ्यात वेगवान गोष्ट गारगोटीहून निघून चार तासांपेक्षा थोडा जास्त वेळ घेत कोल्हापुरात पोचते.

इथं सरांनी प्रश्न टाकला: मग सूर्याला सगळ्यात जवळचा दुसरा तारा कुठं ठेवायचा? आणि ते थांबले. रेकॉर्डिंगमध्ये तेवढी जागा रिकामी. नंतर आवाजाची पट्टी कापताना भाच्यानं ती उडवली, सरांनी परत घालायला लावली. भाच्याचं म्हणणं, रिकामी जागा आली की लोकांना मोबाइल बंद पडला असं वाटतं. सर म्हणाले, “आरं, त्यांना अंदाज करू दे की. बेळगाव म्हनतील, मुंबई म्हनतील. कायतरी म्हनू दे, मग सांगू.” अखेर दोन सेकंदांवर तडजोड झाली.

उत्तर असं: प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या मापात साडेचार लाख किलोमीटरला जरासाच कमी. खरा चंद्र पृथ्वीपासून 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे सगळी सूर्यमाला गारगोटी-कोल्हापूर रस्त्यावर बसवली, तरी शेजारचा तारा ठेवायला खऱ्या चंद्राच्या पलीकडं जावं लागतं.

विज्ञान रंजक करायचं म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दोन सेकंदांत आहे. बरेच जण ते विनोदात शोधतात, दर तीन वाक्यांनी एक कोटी. काही जण संगीतात शोधतात. अवकाश म्हटलं की मागं ती ठरावीक गूढ घूं-घूं सुरू. (अवकाशात आवाज जायला हवाच नाही, पण संगीतकाराला हे कोण सांगणार?) ऐकणाऱ्याला आधी स्वतःचं उत्तर करू द्यावं आणि मग ते मोडू द्यावं, यात जी गंमत आहे तिला ढोलकीची साथ लागत नाही. सरांच्या भागांत संगीत फक्त सुरुवातीला वाजतं, तेही काही सेकंद.

बाकी कामाला जादू अशी नाही. खोलीला स्लॅब आहे, म्हणून आवाज घुमतो. त्यावर उपाय म्हणजे दोरीवर टाकलेल्या दोन वाकळा आणि खाली सतरंजी. पंखा बंद. मोबाइल विमानाच्या मोडवर. माइक तोंडासमोर धरायचा नाही, गालाच्या रेषेत जरा बाजूला ठेवायचा. मराठीत भ, फ, ध, ख यांची रेलचेल. ‘भूकंप’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि समोरच्या माइकमध्ये खरंच भूकंप होतो. बोलणं संपलं की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. ती नंतर ठिगळासारखी वापरतात. चुकलेला शब्द कापून तिथं कोरी जागा ठेवली तर कानाला खड्डा जाणवतो. त्याच खोलीची शांतता भरली तर जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र बाजूच्या पत्र्यावर सर कोसळायला लागली की काम थांबतं. त्यावर उपाय नाही.

पंधरा मिनिटांचा भाग शेवटी साधारण 7 एमबीत बसवतात. एकच माणूस बोलतोय तर दोन कानांना वेगवेगळा आवाज कशाला, हा भाच्याचा हिशेब. एवढी फाइल रेंज कमी असलेल्या वाडीवरही व्हॉट्सअ‍ॅपवर उतरते.

कानानं विज्ञान शिकवण्याचा खटाटोप आपल्याकडं जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीनं ‘मानव का विकास’ ही 144 भागांची मालिका 18 भाषांतून ऐकवली होती. गारगोटीलाही शिक्षण खेड्यात आणण्याची सवय आहे, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी 1952 मध्ये इथं मौनी विद्यापीठ उभं केलं. सरांचा आदर्श मात्र कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करीन. सरांकडं पोस्टकार्डाच्या जागी व्हॉइस नोट येते. प्रत्येक भाग कुणातरी श्रोत्याच्या प्रश्नानं सुरू होतो, त्याच्याच आवाजात, मागच्या म्हशीच्या हंबरण्यासकट. ते हंबरणं कापायचं नाही, असा नियम आहे.

आवाजाचं सगळ्यात सुंदर काम मी पाटगावच्या भागात ऐकलं. वेदगंगेच्या वरच्या अंगाचं हे गाव आता मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मधपाळानं आम्हाला आधी बजावलं: अत्तर-तेल लावून यायचं नाही, काळे कपडे नकोत, आणि पेटीच्या दारासमोर, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. भाच्यानं माइकला जाड फडकं गुंडाळून तो पेटीच्या कुशीला टेकवला. ऐकू आला तो एकसंध सूर. युरोपीय मधमाशीचे पंख सेकंदाला साधारण 230 वेळा हलतात, म्हणजे पेटीवरच्या काळी पाचच्या जवळपास. आपली सातेरी चणीनं लहान, तिचा सूर त्याहून वर. (काळी पाचची पेटी भजनातली. रेकॉर्डिंगमध्ये सरांना दोन्ही पेट्यांचा खुलासा करावा लागला.) इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर या पाद्र्यानं राणीमाशीच्या हाकांची स्वरलिपी केली होती. त्याच्या पुस्तकाच्या 1623 सालच्या आवृत्तीत तर माश्यांच्या सुरांवर बेतलेलं चार गळ्यांचं गाणंच छापलं आहे.

आणि माशीचा नाच. कार्ल फॉन फ्रिश यांना ज्या कामासाठी 1973 चं नोबेल मिळालं, त्यातली ही मुख्य गोष्ट. फुलं कुठं आहेत हे माशी पोळ्यावर नाचून सांगते. पुस्तकात याला हमखास आकृती असते, बाण आणि कोन काढलेली. सरांनी घड्याळ वापरलं. उभ्या पोळ्यावर माशी 12 च्या दिशेनं थरथरत गेली, तर अर्थ असा: सूर्याकडं तोंड करून उडा. 3 च्या दिशेनं गेली, तर सूर्य डाव्या हाताला ठेवून उडा. जितका वेळ थरथर, तितकं अंतर जास्त. मग सरांनी एक वाक्य टाकलं, जे आकृती बघणाऱ्याला सहसा सुचत नाही: हा नाच पेटीच्या आत, अंधारात चालतो. भोवतालच्या माश्या तो डोळ्यांनी बघत नाहीत. पंखांच्या कंपनातून आणि स्पर्शातून समजून घेतात. गोठ्यात ऐकणाऱ्या बाईला आकृती नसल्याचं दुःख करायचं कारणच उरलं नाही.

सूर्यमालेच्या भागावर सगळ्यात चांगली व्हॉइस नोट इस्पुर्लीकडच्या एका ट्रॅक्टरचालकाची आली. “सर, युरेनस आमच्या दारात आला, चांगलं झालं. पण ग्रह फिरत्यात न्हवं? मग आमच्याकडंच कसा थांबंल? आन् रस्ता तर वळनावळनाचा हाय.” रस्त्याचं सरांनी लगेच मान्य केलं, सरळ रेषेत कोल्हापूर 50 किलोमीटरपेक्षा जवळ भरतं, पण सरळ रेषेनं कुणी प्रवास केलेला नाही, म्हणून रस्ता घेतला. फिरण्याचा मुद्दा मात्र खरा होता.

सरांनी पुन्हा कागद पालथा केला. गारगोटीच्या मापात पृथ्वी दिवसाला साधारण 29 मीटर सरकते आणि साडेदहा किलोमीटरची फेरी वर्षात पुरी करते. नेपच्यून दिवसाला पाच मीटर. तो 1846 मध्ये सापडला आणि तेव्हापासूनची त्याची पहिली प्रदक्षिणा 2011 साली संपली. “पाच मीटर म्हंजे गोठ्याच्या ह्या दारापासनं त्या दारापर्यंत,” भाचा म्हणाला. “आईनं सकाळची धार काढून दुसऱ्या दिवशीच्या धारेपर्यंत तो तेवढाच जातुया.” सरांनी ते वाक्य जसंच्या तसं संहितेत घातलं आणि ट्रॅक्टरवाल्याची व्हॉइस नोट भागाच्या सुरुवातीला लावायला सांगितली.