कोणत्या गटात उतरायचं?

स्केल मॉडेलच्या स्पर्धेचा अर्ज भरताना विषय आणि प्रमाण लिहायला वेळ लागत नाही. हात अडखळतो तो कौशल्यगटाच्या रकान्यापाशी. नेदरलँड्समधल्या ‘स्केल मॉडेल चॅलेंज’मध्ये स्टँडर्ड आणि मास्टर असे गट असतात. अमेरिकेत रणगाडे करणाऱ्यांच्या ‘ॲम्प्स’ या संस्थेत बेसिक, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड, मास्टर अशी चढण आहे. छंदाला किती वर्षं झाली किंवा किट किती अवघड आहे, यावरून पुष्कळजण गट ठरवतात. माझ्या मते तो आपल्या कामातल्या सगळ्यात कच्च्या बाजूवरून ठरवावा.

परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते. १:३५ प्रमाणातला रणगाडा घ्या. चिखल, गंज, उडालेला रंग सगळं सुरेख जमलंय; पण तोफेच्या नळीवर साच्याची रेघ तशीच आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला किट बनताना उमटलेले गोल वण दिसतात आणि एक चाक पट्ट्यापासून अधांतरी आहे. डिकलखाली चंदेरी झाक असेल, तर खरखरीत मॅट रंगावर डिकल बसवल्यानं खाली हवा अडकली, हे जाणकाराला लगेच कळतं. आधी चकचकीत क्लिअर कोट दिला असता तर ते टळलं असतं. महागडे धातूचे सुटे भाग लावून यातलं काहीच झाकलं जात नाही. उलट एकही जादा भाग न लावलेलं, पण सांधे निर्मळ असलेलं साधं किट वरच्या गटातही ताठ उभं राहतं.

असं मोजलं तर सगळेच खालच्या गटात जातील, असा आक्षेप येईल. तसं होत नाही. एखाद्या मॉडेलमध्ये राहून गेलेली चूक वेगळी आणि तीन मॉडेलांत तीच दिसणारी चूक वेगळी. पातळी दुसरीवरून कळते. वरच्या गटात टीका चांगली मिळते, हा दुसरा युक्तिवाद. पण सांधाच उघडा असेल तर परीक्षक त्याबद्दलच बोलणार, रंगछटांपर्यंत बोलणं पोचणारच नाही. पदकासाठी मुद्दाम खाली उतरणं मात्र मला अजिबात मान्य नाही. पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक असतील तिथे त्यानं नवख्याची जागाच जाते. गुणवत्तेनुसार कितीही पदकं देणाऱ्या पद्धतीत कुणाचं पदक हिरावलं जात नसलं, तरी आपल्या टप्प्यावर काय अपेक्षित आहे याचा नवख्याचा अंदाज चुकतो.

रणगाड्यांत मुरलेला माणूस पहिल्यांदाच मानवाकृती रंगवत असेल, तर तिथे तो नवखाच. चेहऱ्याची त्वचा रंगवणं हे निराळं कसब आहे. विषयागणिक वेगळा गट घेता येतो का, हे त्यानं आयोजकांना आधीच विचारावं.