छातीतली रोजनिशी

न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव म्हणून निफाड सर्वांना ठाऊक. मला ते ठाऊक आहे मामांच्या द्राक्षबागेमुळे! परवा गेलो तेव्हा ऑक्टोबर छाटणीची धांदल चालली होती. वर्षापूर्वी छातीत पेसमेकर बसविलेला हा गृहस्थ उन्हात उभा राहून मजुरांवर ओरडत होता.

“मामा, नाशिकला तपासणीला कधी जायचं?”

“अरे, मला होतंय काय? यंत्र चालू आहे ना?”

यंत्र चालू होतेच. १९५८ साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला; तरी पुढची यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. तेव्हाच्या यंत्राला मंद ठोका सावरणे एवढेच ठाऊक होते. आजचे यंत्र त्याबरोबर रोजनिशीही लिहिते.

ही रोजनिशी कशाची? हृदयाचे वरचे कप्पे कधीकधी ठोके देण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तिथे साचते, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात! पेसमेकर ही थरथर सहसा थांबवीत नाही, पण वरच्या कप्प्यात तार असली तर टिपून ठेवतो. रोग्याला मात्र पुष्कळदा तिचा पत्ताही नसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रक्तदाब असलेले, पासष्टीपुढचे २५८० रोगी होते. कुणालाही हा विकार पूर्वी आढळला नव्हता. पहिल्या तीन महिन्यांतच दहांतल्या एकाच्या यंत्रात अशा नोंदी सापडल्या, आणि त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका अडीचपट ठरला.

मग हे आधी ओळखता येईल का? काही अंशी येते. ढगाळ हवा नि दहिवर पाहून मामा द्राक्षांवर डाऊनी येणार हे सांगतात, तसेच हे. वय, रक्तदाब, फुगलेला डावा वरचा कप्पा, आलेखातली लांबलेली पहिली लाट ही लक्षणे. शिवाय खालच्या कप्प्याला यंत्राने जितके अधिक ठोके द्यावेत, तितका धोका वाढतो, असे २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. म्हणून हृदयाचा स्वतःचा ठोका येईतो यंत्राने जरा थांबावे, अशी जुळणी डॉक्टर शक्य तिथे करतात. नोंद दिसली की लगेच गोळी, असेही नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने पक्षाघात कमी होतात, पण रक्तस्राव वाढतो, हे २०२३ साली पुन्हा दिसून आले. वय पाहायचे, थरथर किती वेळ टिकली ते पाहायचे, हिशेब किचकटच.

असो. मामींनी डोळे वटारले आणि मामा नाशिकला आले. डॉक्टरांनी छातीवर चकती ठेवली, पडद्यावर आकडे उमटले.

“काका, श्रावणात एका रात्री सहा तास थरथर झालीय. काही जाणवलं?”

“छे! मी तर झोपलो होतो.”

“घोरत होतात,” मामी म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मामांचे वय विचारले, मग रक्तदाब, मग पूर्वी कधी रक्त पडले होते का. आणि कागदावर बेरीज मांडायला घेतली.