सूर्याची वीज आणि तांब्याचा हिशेब

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, त्याअर्थी त्याची वीजही फुकटच पडणार, असा समज आमच्या अनेक व्यापारी बंधूंच्या बोलण्यात आढळतो. दुकानाच्या छपरावर सौर पॅनेल बसविल्यावर पहिल्या महिन्याचे बिल पाहून तो अधिकच दृढ होतो. आम्हांस मात्र येथे भांडवलाची बाजू पाहावीशी वाटते. आणि हे भांडवल रुपयांचे नव्हे, तांब्याचे आहे.

मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्रास अर्पण झाला. मेगावॅटमागे सुमारे तीन टन तांबे धरल्यास एकट्या रीव्यास सव्वादोन हजार टन हवे. आज शंभर टन खनिजातून सरासरी सहाशे किलोंच्या आसपास तांबे निघते. म्हणजे या एका प्रकल्पापायी निदान पावणेचार लाख टन दगड उकरणे व दळणे आले. आणि खाणीतील अजस्र गाड्या आजही बहुधा डिझेलवरच धावतात. चिली देशातील चुकिकामाता ही विख्यात उघडी खाण सुमारे एक किलोमीटर खोल गेल्यावर २०१९ पासून भुयारी करावी लागली. नवी खाण सापडल्यापासून माल हाती येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. भाव चढला म्हणून पुढील दिवाळीस आवक वाढत नाही.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरावे, ही सूचना रास्त आहे. तारांत ते चालतेही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करण्याचे काम बेळगावच्या बंधूंस परिचितच आहे. परंतु त्यापुढे एक किलो धातू सोडविण्यास सुमारे १४ युनिट वीज खर्ची पडते, आणि आपल्या देशात ती मुख्यतः कोळशाची. एका वखारीतील तूट दुसऱ्या वखारीत ढकलली, इतकेच!

न्यायाने बोलावयाचे तर, सौर पॅनेल स्वतःच्या घडणीस लागलेली ऊर्जा आपल्याकडील उन्हात दोनएक वर्षांत फेडते व पुढे वीस-पंचवीस वर्षे नफ्यात चालते. धंदा खोटा नाही. माल मोजका आहे.

म्हणूनच मोडीच्या व्यापारास आम्ही कमी लेखीत नाही. जुने तांबे शुद्ध करून घेतल्यास गुणांत उणे पडत नाही. ॲल्युमिनियमला तर नव्या धातूच्या विसाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा पुरते. फुटका हंडा मोडीत घालून नवा घेण्याची आपल्या घरांतील चाल तरी दुसरी काय होती? २०२२ च्या ई-कचरा नियमांनी बाद सौर पॅनेल २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. ज्या सभासदांच्या छपरावर अशी पॅनेल आहेत, त्यांनी खरेदीची पावती व उत्पादकाचे नाव वहीत जपून ठेवावे. पॅनेल बदलण्याची वेळ येईल तेव्हा पेढी बहुधा मुलांच्या हाती असेल.