कुशलप्रश्न आणि कूटप्रश्न

"काय, कसे काय?" "बरे आहे. आपले?" "आमचेही बरेच म्हणायचे." दोन जुने स्नेही दूरध्वनीवर भेटले म्हणजे त्यांच्या संभाषणाचा आरंभ बहुधा असा होतो, आणि दुर्दैव असे की, पुष्कळदा त्याचा शेवटही येथेच होतो. एके काळी ज्यांच्या गप्पांना रात्र पुरत नसे, त्यांनाच आता पाच मिनिटे भरून काढण्यासाठी पावसापाण्याचा आधार घ्यावा लागतो. स्नेह आटला म्हणून असे होते, हे आम्हांस मान्य नाही. कुशलप्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते, हे त्याचे खरे कारण होय. "बरे आहे" एवढे म्हटले की विचारणाऱ्याचे कर्तव्य संपते आणि सांगणाराही सुटतो. मग ते बरे खरोखरीचे असो वा नसो.

आम्ही नाशकात द्वारका चौकाजवळ राहतो. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता आणि पुण्याचा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. २०१३ साली येथे उड्डाणपूल झाला, आणि तेव्हापासून लांबची वाहने चौकास स्पर्श न करता वरच्या वर निघून जातात. आमच्या कुशलप्रश्नांचीही गत तशीच झाली आहे. ते जातात वेगाने, पण खाली उतरत नाहीत.

आमच्या चौकाने जिचे नाव धारण केले आहे, त्या श्रीकृष्णाच्या द्वारकेत दोन मित्रांची एक भेट झाली होती. भागवताच्या दशम स्कंधातील ती सुदाम्याची कथा घराघरांत ठाऊक आहे. परंतु भगवंतांनी मित्राशी बोलणे कसे काढले, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. "तुझे दारिद्र्य कोठवर आले?" असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी सांदीपनींच्या आश्रमातील दिवस काढले. सर्पणासाठी दोघे रानात गेले असता वादळपावसात सापडले, रात्रभर चाचपडत राहिले, आणि सकाळी गुरुजी शोधीत आले, त्या प्रसंगाची त्यांनी आठवण दिली. नंतर हसत हसत विचारले, "घरून माझ्यासाठी काय आणले आहेस?" सुदामा लाजून खाली पाहू लागला, तेव्हा त्याने लपविलेली पोह्यांची पुरचुंडी त्यांनी स्वतःच ओढून घेतली. जे सांगण्याची मित्रास लाज वाटत होती, ते एका थट्टेच्या प्रश्नाने उघडे झाले, आणि त्यात त्याचा मानभंग मुळीच झाला नाही.

खेळकर प्रश्नाची ही शक्ती आपल्या पूर्वजांस चांगली अवगत होती. अश्वमेधासारख्या गंभीर यज्ञातही ऋत्विज एकमेकांस कूटप्रश्न घालीत. त्यास ब्रह्मोद्य म्हणत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील दीर्घतमस् ऋषींचे अस्यवामीय सूक्त तर अशा कोड्यांनीच भरलेले आहे. वनपर्वात यक्षाच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करून पाणी पिणारे चार पांडव निश्चेष्ट पडले, आणि उत्तरे देणाऱ्या युधिष्ठिरामुळे ते चौघे पुन्हा उठले. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगून तिचे उपयोग गणिले आहेत, आणि त्यांत क्रीडागोष्ठीतील विनोदास अग्रस्थान दिले आहे. धर्मदासाने 'विदग्धमुखमंडन' हा एक सबंध ग्रंथच या विषयास वाहिला. आणि आपल्या चाळीसगावाजवळच्या पाटण्यास ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त रूक्ष गणितास भुंगे आणि मोर यांची जोड देऊन प्रश्नच गोड करून टाकले.

मराठीतही हा ओघ खंडित झालेला नाही. आज उखाणा म्हटला की लग्नात नाव घेणेच डोळ्यांपुढे येते. तथापि कोडे हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. गोव्याकडे त्यालाच हुमाण म्हणतात. जेवणे आटोपल्यावर माजघरात आजीने कोडे घालावे, मुलांनी डोके खाजवावे आणि मोठ्यांनी ठाऊक असूनही गप्प बसावे, ही करमणूक बिनखर्चाची होती; आणि तिच्यात सासूपासून नातवापर्यंत सर्वांस सारखाच मान असे.

आता आमच्या अनुभवाची गोष्ट सांगतो. अध्यापक विद्यालयात आमच्याबरोबर असलेले चार सहाध्यायी आज बेळगाव, इंदूर, अमरावती आणि पुणे अशा चार गावी आहेत. बोलणे वर वर्णिल्याप्रमाणे 'बरे आहे'पाशी थबकू लागले, तेव्हा आम्ही एक निमंत्रण धाडले: दर महिन्यास प्रत्येकाने एक प्रश्न पोस्टकार्डावर स्वहस्ते लिहून बाकीच्या चौघांस पाठवावा, आणि उत्तर मात्र दूरध्वनीवर तोंडी द्यावे. पोस्टकार्डाचा हट्ट सर्वांस म्हातारचळ वाटला. पण चौघांनीही तो पुरविला.

आमचा पहिला प्रश्न साधाच होता. तीन अक्षरांचे एक गाव आहे. मधले अक्षर काढले तर जे उरते, ते गावाच्या नावासाठी लक्ष्मणाने कापले असे लोक म्हणतात. ते गाव कोणते? नाशिक या नावातील 'शि' काढली की 'नाक' उरते, आणि शूर्पणखेची कथा तर आमच्या पंचवटीचीच. तिघांची उत्तरे आठवड्यात आली. अमरावतीकरांचे आले नाही. वर्गात कोडी सोडविण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तो नाशिक ओळखू शकला नाही हे पटेना. म्हणून आम्हीच दूरध्वनी केला.

"कार्ड पोहोचले," ते म्हणाले, "पण तुझी अक्षरे कागदाच्या कडेवरून पळून जातात. तूच वाचून दाखव." आम्ही वाचले. वाक्य पुरे होण्यापूर्वी त्यांनी उत्तर दिले, आणि आम्ही दोघेही हसलो. हसणे ओसरल्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते हळूच म्हणाले की, वर्षभर वर्तमानपत्र वाचता आलेले नाही. एका बाजूचे दिसत नाही. मुलास कळविले तर तो हे घर बंद करून आपणांस शहरात नेईल, म्हणून कोणास सांगितलेले नाही. त्या वर्षात आम्ही त्यांस किमान वीस वेळा "कसे काय?" विचारले होते, आणि वीसही वेळा "बरे आहे" ऐकून समाधान मानले होते.

त्यांस काचबिंदू निघाला. या विकारात गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळीच औषध सुरू केल्यास उरलेली राखता येते. त्यांनी थेंब सुरू केले, मुलासही सांगितले. मुलाने घर बंद केले नाही. तो आता दर महिन्यास येऊन जातो. दृष्टी गेली तेवढी गेलीच, याचे शल्य आम्हां दोघांसही आहे. आमचे कार्ड एक वर्ष आधी गेले असते तर, हा विचार आम्हांस अद्याप सोडीत नाही.

ज्या वाचकांस असा उपक्रम आपल्या इष्टमित्रांत किंवा पांगलेल्या भावंडांत सुरू करावयाचा असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी नमूद करतो. पहिली ही की, गुण मोजू नयेत. हार-जीत आली की मागे पडलेला माणूस गळतो, आणि बहुधा त्याचीच विचारपूस सर्वांत अगत्याची असते. दुसरी, ज्याचे उत्तर मोबाइलवर क्षणात सापडते असे माहितीचे प्रश्न घालू नयेत, "आपल्या वसतिगृहात पहाटेची घंटा एकदा का वाजली नाही?" यासारखा प्रश्न शंभर माहितीपर प्रश्नांहून श्रेष्ठ, कारण त्याचे उत्तर त्या मित्रापाशीच असते. तिसरी, पैसा, प्रकृती आणि मुलांची लग्ने यांविषयी सरळ विचारू नये. सांगण्यासारखे असेल ते खेळाच्या ओघात आपोआप येते. चौथी, उत्तर येईपर्यंत थांबावे, परंतु ते आलेच नाही तर मात्र थांबू नये. मौन हेही एक उत्तरच असते.

घरातील मुलांस यात अवश्य घ्यावे. 'लीलावती'तील एक प्रश्न आमच्या शब्दांत देतो, तो आज रात्री जेवणानंतर त्यांस घालून पाहावा. भुंग्यांच्या थव्यातील पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतील वजाबाकीच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एकच भुंगा दोन फुलांच्या वासाने भुलून मध्येच घिरट्या घालीत राहिला. तर थवा किती भुंग्यांचा? उत्तर पंधरा, पण वडीलधाऱ्यांनी ते इतक्यात सांगू नये.

गेल्या महिन्यात अमरावतीचे कार्ड आले. अक्षरे मोठी व वाकडी होती, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, पण लिहिले होते स्वहस्ते. प्रश्न असा: "तुझ्या चौकाच्या नावात एक वस्तू आहे आणि तिच्या मागोमाग एक प्रश्न आहे. वस्तू बंद राहिली तर माणूस आत कोंडतो. प्रश्न कोणी विचारला नाही तरीही तेच होते. दोन्ही वेगळी करून दाखव."

त्याचे उत्तर आम्ही त्यांस दूरध्वनीवर दिले. वाचकांनी आपले आपण काढावे, आणि पुढचा प्रश्न आपल्या एखाद्या मित्रास आजच धाडावा.