धर्मसंस्थांचा पैसा कोणाचे काम करतो?

भाविक माणूस दानपेटीत रुपया टाकतो आणि हात जोडून घरी जातो. त्याच्या लेखी तो रुपया देवाला पोचला. पण रुपया पेटीत स्वस्थ बसत नाही. तो बँकेत जातो, कर्जरोख्यांत जातो, परदेशांत तर कंपन्यांच्या भागांतही जातो, आणि तेथे कामाला लागतो. तो कोणाचे काम करतो, हे विचारण्याचा अधिकार दात्याला आहे काय? मी म्हणतो, अधिकार तर आहेच, पण ते त्याचे कर्तव्यही आहे.

हा प्रश्न पश्चिमेकडील ख्रिस्ती पंथांनी फार पूर्वी हाती घेतला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनी गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना पंथाबाहेर काढण्याचे ठरविले. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचीही त्याच शतकातली शिकवण अशी की, पैसा अवश्य मिळवा, पण शेजाऱ्याचा देह किंवा त्याची रोजी बुडवून नव्हे. यातून पहिला मार्ग निघाला तो वर्ज्य करण्याचा. दारू, जुगार, तंबाखू, शस्त्रे यांच्या धंद्यात पैसा घालावयाचा नाही.

दुसरा मार्ग आत राहून भांडण्याचा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य होते आणि काळ्या कामगारांच्या संघटनांना कायद्याची मान्यता नव्हती. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चकडे जनरल मोटर्सचे भाग होते. १९७१ साली चर्चने भागधारकांच्या सभेत ठराव आणला की, कंपनीने त्या देशातून धंदा आवरावा. शेकडा दोन मतेही पडली नाहीत! परंतु कंपनीच्या संचालक मंडळावरील एकमेव काळे सभासद, धर्मोपदेशक लिऑन सलिव्हन, यांनी मंडळाविरुद्ध उभे राहून ठरावाला पाठिंबा दिला. १९७७ साली त्यांनी तेथील अमेरिकन कंपन्यांसाठी समान वेतनासारख्या अटींची सनद तयार केली. तेवढ्याने वर्णभेद हटत नाही असे दिसताच १९८७ साली त्यांनी कंपन्यांना तो देश सोडण्यास सांगितले. जनरल मोटर्सने तेथील कारखाना विकण्याचे १९८६ सालीच जाहीर केले होते. वर्णभेद मोडला तो मुख्यतः तेथील जनतेच्या लढ्याने. पण बाहेरून पडलेल्या दाबाचाही त्यात वाटा होता. आम्हा युनियनवाल्यांना ही रीत ओळखीची आहे. आधी मागणी, मग वाटाघाट, आणि शेवटी काम बंद.

तिसरा मार्ग विधायक. चर्चच्या जागतिक परिषदेच्या पुढाकाराने १९७५ साली नेदरलँड्समध्ये ओइकोक्रेडिट ही संस्था निघाली. धर्मसंस्थांची शिल्लक ती गरीब देशांतल्या सहकारी संस्थांना कर्जाऊ देते.

मार्ग सांगणे सोपे, पाळणे कठीण. २०१३ साली इंग्लंडचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या सावकारी कंपनीला आव्हान दिले. तिचे व्याज वार्षिक हिशेबाने शेकडा पाच हजारांवर जाई. चर्चच्या मदतीने पतपेढ्या वाढवून तिचा धंदा बसवू, असे ते म्हणाले. लगेच वृत्तपत्रांनी उघड केले की, चर्चचाच थोडा पैसा एका मध्यस्थ निधीमार्फत वोंगात गुंतला आहे. वेल्बींनी शरमिंदे झाल्याचे कबूल केले आणि पुढच्या वर्षी चर्चने ती गुंतवणूक काढून घेतली. २०१८ साली वोंगा बुडाली. धडा एवढाच की, पैसा मध्यस्थांच्या हातांतून फिरू लागला की मालकालाही त्याचा पत्ता राहत नाही. म्हणून हेतू शुद्ध असून भागत नाही, हिशेबही उघडा हवा.

आपल्याकडे काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानांची शिल्लक मुख्यतः बँका, टपाल बचत आणि सरकारी रोखे यांतच ठेवण्याचे बंधन घातले होते. त्यामुळे कंपन्यांच्या भागांचा प्रश्न येथे सहसा उद्भवत नसे. पण सरकारमान्य सहकारी बँकेत ठेव ठेवण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. ती बँक कर्ज कोणाला देते, विणकराला की साठेबाजाला, हे विश्वस्तांनी पाहिले पाहिजे. देवस्थानांचे हिशेब तपासले जातात, धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत किती जमले एवढेच विचारून थांबू नका. ते कोठे ठेवले आणि तेथून कोणाच्या हाती गेले, हेही विचारा.