मुंबई ते चेन्नई ४२ मिनिटांत, तेही बिनइंजिनाच्या गाडीनं!

कर्जत स्टेशनात गाडी थांबली की डब्यात दोन गोष्टी होतात. एक, खिडकीतून वडापाव आत येतो. दोन, थोड्या वेळानं मागून एक हलकासा धक्का बसतो.

यंदा मे महिन्यात मी भाचेमंडळींना घेऊन पुण्याला निघालो होतो. भाची सहावीत, भाचा चौथीत. धक्का बसला आणि भाच्याच्या हातातली चटणी थेट माझ्या शर्टावर आली.

“मामा, मी नाही सांडली! मागून कोणीतरी ढकललं!”

“अगदी बरोबर ओळखलंस,” समोरच्या बाकावरचे आजोबा हसत म्हणाले. “गाडीला मागून इंजिनं लागलीयत. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. आता लोणावळ्यापर्यंत पुढचं इंजिन ओढणार आणि मागची ढकलणार.”

हे ‘आम्ही’ ऐकून मी कान टवकारले. आजोबा निवृत्त इंजिन ड्रायव्हर निघाले! मग काय, माझा भाव एकदम उतरला. दोघं पोरं सरकून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

चढ केवढा? एवढासाच!

“आजोबा, पुढचं इंजिन एकटं का नाही ओढत? दमतं का ते?”

“दमतं म्हण हवं तर. बोरघाटात सगळ्यात अवघड ठिकाणी ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते.”

भाची म्हणाली, “एवढंच? आमच्या शाळेचा जिना याच्यापेक्षा कितीतरी उभा आहे!”

“पण तू काही लोखंडी बूट घालून लोखंडी जिन्यावर चढत नाहीस!” आजोबांनी डबा आणि त्याचं झाकण एकमेकांवर घासून दाखवलं. “रेल्वेचं चाकही लोखंडी आणि रूळही लोखंडी. गुळगुळीतावर गुळगुळीत. सपाटीवर हे फार सोयीचं असतं. शेकडो टनांची गाडी थोड्याशा जोरावर पळते. पण चढावर तोच गुळगुळीतपणा नडतो, चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. मग ड्रायव्हर काय करतो ठाऊक आहे? बटण दाबतो आणि चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो.”

“वाळू? खरीखुरी?”

“खरीखुरी. इंजिनात वाळूच्या पेट्याच असतात.”

कर्जत ते लोणावळा अंतर फक्त २८ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त वर चढते. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला, तेव्हा हजारो मजुरांनी खडक फोडून ही वाट काढली होती.

भाची बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं बॉम्ब टाकला.

“पण मुळात डोंगर चढायचाच कशाला? जमिनीतून सरळ बोगदा खणायचा ना! एकदम पट्टीनं रेघ मारल्यासारखा. मग चढ नाही, उतार नाही, इंजिनसुद्धा एकच पुरेल.”

मी म्हणालो, “एक कशाला? एकही लागणार नाही!”

आता आजोबांनीही कान टवकारले.

मोसंब्यातली रिफिल

पिशवीतून मी एक मोसंबं काढलं आणि पेनातली रिफिल. (घरी गेल्यावर ताईनं पेनाचं काय झालं असं विचारलं. तो भाग इथे सांगत नाही.)

“हे मोसंबं म्हणजे पृथ्वी. सालीवरचा हा ठिपका मुंबई, तो ठिपका चेन्नई. दोन्ही शहरं समुद्रकाठची, म्हणजे जवळजवळ एकाच उंचीची. आता रिफिल एका ठिपक्यातून घुसवून दुसऱ्यातून बाहेर काढतो. हा झाला सरळ बोगदा. सांगा बरं, यात उतार आहे का?”

“नाही!” दोघं एका सुरात ओरडली.

“मग ‘खाली’ म्हणजे कुठे?”

भाच्यानं बोट बुटांकडे केलं. भाची मात्र विचारात पडली. “खाली म्हणजे… पृथ्वीच्या मध्याकडे.”

“शाब्बास! आता रिफिल बघ. मुंबईपासून ती मोसंब्याच्या मध्याच्या जवळ जवळ जाते आणि अर्ध्या वाटेनंतर पुन्हा लांब लांब जाते. म्हणजे रेघ सरळ असली, तरी गाडीच्या दृष्टीनं आधी उतार आणि मग चढ!”

मुंबई ते चेन्नई हवाई अंतर साधारण १,००० किलोमीटर. या बोगद्याचा मधला भाग जमिनीखाली सुमारे २० किलोमीटर खोल जाईल. मुंबईच्या तोंडाशी उतार असेल साधारण १२ मीटरला १ मीटर. म्हणजे आपल्या घाटाच्या तिप्पट! तिथे गाडीचा ब्रेक सोडला की ती आपोआप घरंगळायला लागेल. वेग वाढत वाढत मध्यावर ताशी सुमारे २,३०० किलोमीटर होईल. प्रवासी विमानाच्या अडीचपट! मग चढ सुरू होईल, वेग कमी कमी होत जाईल आणि चेन्नईच्या फलाटावर गाडी अलगद थांबेल. उतारावर जितकं कमावलं, तितकंच चढावर खर्च झालं. हिशोब चुकता.

एकूण वेळ? सुमारे ४२ मिनिटं.

“आणि चेन्नईला कोणी गाडीला पकडलंच नाही तर?” भाच्याचा प्रश्न.

“तर ती परत मुंबईला येईल. पुन्हा ४२ मिनिटांत.”

कुठूनही कुठेही, ४२ मिनिटं!

“मग फक्त १० किलोमीटरचा बोगदा असला तर? दोन मिनिटांत पोचू!”

“नाही. ४२ मिनिटं.”

“आणि अमेरिकेला?”

“४२ मिनिटं.”

“मामा, काहीही काय सांगतोस!”

काहीही नाही, खरंच. हे समजायला झोपाळ्यावर बसा. हळूच लहान झोका घ्या आणि एका हेलकाव्याला लागणारा वेळ मोजा. मग जरा मोठा झोका घ्या आणि पुन्हा मोजा. वेळ जवळजवळ तेवढाच! मोठ्या झोक्यात अंतर जास्त असतं, पण झोपाळा जास्त उंचावरून येतो, म्हणून त्याचा वेगही जास्त असतो. दोघांची फिट्टंफाट होते.

आपल्या बोगद्याचंही तसंच आहे. गाडी मध्यापासून जितकी दूर, तितकी ती मध्याकडे जोरात ओढली जाते. अंतर दुप्पट तर ओढही दुप्पट. म्हणून लांब बोगद्यातली गाडी भन्नाट पळते, आखूड बोगद्यातली रमतगमत जाते, आणि दोघी एकदमच पोचतात.

हे घरी करून बघा. दोऱ्याला किल्ली बांधून लटकवा. दोरा बांधलाय तिथपासून किल्लीच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. थोडीशी बाजूला ओढून सोडा आणि तिच्या जाऊन-येऊन १० फेऱ्या मोजा. साधारण १० सेकंद लागतील. आता थोडा आणखी मोठा हेलकावा द्या. तरीही १० सेकंदच. (फार मोठा देऊ नका, मग मात्र थोडा फरक पडायला लागतो.) वेळ बदलायचा असेल तर दोरा बदलायला लागतो. तो चौपट, म्हणजे १ मीटर केला की वेळ दुप्पट!

असे प्रश्न पडणारे तुम्ही पहिले नाही. १६७९ साली इंग्लंडमध्ये न्यूटन आणि रॉबर्ट हूक या दोघा शास्त्रज्ञांचा पत्रांतून वाद चालला होता: वस्तू पृथ्वीच्या पोटात पडत गेली तर तिची वाट कशी असेल? त्या वादात न्यूटनचं पहिलं उत्तर चुकलं होतं आणि हूकनं ते दाखवून दिलं. खुद्द न्यूटन चुकतो, तर आपण चुकायला का घाबरायचं?

१९६६ साली पॉल कूपर यांनी या बिनइंजिनाच्या गाडीचं गणित एका विज्ञान नियतकालिकात मांडलं आणि ४२ मिनिटांचा आकडा गाजला. पण त्या गणितात पृथ्वी आतून सगळीकडे सारखीच घट्ट आहे असं धरलं होतं. खरी पृथ्वी तशी नाही, तिचा गाभा लोखंडाचा आणि फार जड आहे. २०१५ साली अलेक्झांडर क्लॉट्झ यांनी खऱ्या पृथ्वीचा हिशोब घेतला, तेव्हा केंद्रातून आरपार जायला ३८ मिनिटंच लागतील असं निघालं. एवढा जुना प्रश्न, तरी त्यातली ४ मिनिटं कमी करणारा निघालाच!

आता आजोबांची पाळी

आजोबा इतका वेळ गालातल्या गालात हसत होते. आता त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली.

“पहिलं म्हणजे खणणार कसं? माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक किती खोल आहे?”

हे मला माहीत होतं. रशियातल्या कोला इथे १९७० साली खणायला सुरुवात झाली, ते भोक १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं. रुंदी जेमतेम २३ सेंटिमीटर, एखाद्या छोट्या ताटलीएवढी. १९ वर्षं खपून सव्वाबारा किलोमीटर, आणि आपल्याला हवेत २०! वर तिथे खाली तापमान निघालं १८० अंश.

“१८० म्हणजे किती गरम?” भाच्यानं विचारलं.

“तुझा वडा ज्या तेलात तळला ना, साधारण तेवढं.”

भाच्यानं उरलेल्या वड्याकडे आदरानं पाहिलं.

आणि हे झालं १२ किलोमीटरवर. २० किलोमीटरवर तर गाडीतल्या प्रवाशांचेच वडे व्हायचे.

“दुसरं,” आजोबांनी पुढचं बोट मोडलं, “घर्षण. तुमचा १० किलोमीटरचा बोगदा घ्या. मधे खोली किती?”

मी हिशोब केला. “फक्त २ मीटर.”

“मग उतार कसला तो, पोळपाटच! त्या उतारावर गाडी जागची हलणारसुद्धा नाही.”

“तिसरं, हवा,” भाची म्हणाली. आता ती आजोबांच्या पक्षात गेली होती. “एवढ्या वेगात हवा अडवेल. आधी सगळी हवा काढून टाकायला लागेल.”

“आणि चौथं म्हणजे पाणी!” भाचा ओरडला. “अमेरिकेला जायला केंद्रातून भोक पाडलं तर बोगद्यात पाणी भरेल!”

त्यानं हे नुसतं ठोकून दिलं होतं, पण लागलं बरोबर. आपल्याकडे अनेकांना वाटतं की महाराष्ट्रात खणत खणत सरळ पृथ्वीच्या केंद्रातून गेलं की पलीकडे अमेरिका निघेल. तसं नाही. पुण्यातून खणलं तर आपण निघू दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागराच्या तळाशी. डोळ्यांपुढे आणा: आपण इकडून खाली येतोय आणि समोरून अख्खा महासागर!

मग उपयोग काय?

“म्हणजे मामाची गाडी भंगारात,” भाची म्हणाली.

“थांब, थांब,” आजोबा म्हणाले. “एवढी घाई नको. गाडी भंगारात, पण त्यातली युक्ती नाही.”

उतारावर कमवायचं आणि चढावर खर्चायचं, ही ती युक्ती. लंडनमध्ये १९०० साली सुरू झालेल्या एका भुयारी रेल्वेत ती आजही दिसते. तिथली स्टेशनं मुद्दाम थोडी उंचावर बांधली आहेत, जणू उंटाच्या मदारीवर. गाडी स्टेशनात येते ती चढ चढत, त्यामुळे ब्रेक कमी लागतो. निघते ती उतारावरून, त्यामुळे वेग पटकन मिळतो. थोडासा झोपाळाच म्हणा ना!

“आणि आपल्या घाटात?” भाच्यानं विचारलं.

आजोबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेजारच्या रुळावरून मुंबईकडे जाणारी गाडी सावकाश उतरत होती.

“ती बघ. उतारावर गाडीला आवरायला लागतं. नुसते ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात आणि सगळा जोर वाया जातो. म्हणून आजची विजेची इंजिनं दुसरंच काहीतरी करतात. एरवी जी मोटर चाकं फिरवते, तिलाच चाकांकडून फिरवून घेतात. मग ती मोटर वीज तयार करते आणि ती वीज वरच्या तारेत परत जाते.”

“आणि तारेतून कुठे?”

“त्याच तारेवर कोणी चढत असेल तर त्याला मिळते.”

दोघं पोरं एकदम गप्प झाली. मग भाचा हळूच म्हणाला, “म्हणजे ती गाडी उतरता उतरता आपल्याला वर ढकलतेय?”

“थोडंसं, हो.”

त्यानं खिडकीतून त्या गाडीला हात केला. मुंबईकडे जाणाऱ्या कोणा अनोळखी काकूंनीही त्याला हात केला. त्यांना वाटलं, गोड मुलगा आहे. आपण त्याला ढकलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लोणावळा आलं. मागची इंजिनं सुटली. भाची पुन्हा कपाळाला आठ्या घालून बसली होती.

“मामा, मुंबई आणि चेन्नई एकाच उंचीवर आहेत म्हणून ते जमलं. पण पुणं तर समुद्रापासून ५६० मीटर उंच आहे. पुण्याहून मुंबईला सरळ बोगद्यातून गाडी सोडली तर?”

मी रिफिलनं मोसंब्यावर आकडेमोड केली. “घर्षण धरलं नाही, तर ती मुंबईला थांबणारच नाही. ताशी ३७५ किलोमीटरच्या वेगानं फलाट ओलांडून जाईल!”

“आणि मुंबईहून पुण्याला सोडली तर?”

“मग पोचणारच नाही. साधारण अर्ध्या वाटेवरच थांबेल आणि मागे घसरायला लागेल.”

“हात्तिच्या!” भाचा म्हणाला. “म्हणजे तिलाही मागून ढकलणारं इंजिन लागणारच!”

आजोबांनी खो खो हसत त्याला टाळी दिली.