फूल की दोन पाने

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यातल्या मतदारांना कुठलाही उमेदवार निवडायचा नव्हता. चिन्हे दोनच होती. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर शिक्का म्हणजे वेगळा संघप्रदेश. दमण आणि दीवकरांपुढे हाच प्रश्न गुजरातच्या बाबतीत होता. सार्वमताची सोय आपल्या राज्यघटनेत नाही, म्हणून संसदेने डिसेंबर 1966 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला.

प्रश्न जुना होता. 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरण हाच कार्यक्रम घेऊन उतरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सरशी झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेने 1965 मध्ये विलीनीकरणाचा ठरावही केला. महाराष्ट्राच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. निवडून आलेल्यांनी ठरवले, आणखी काय हवे? विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा मात्र अडून बसले. इतका मोठा निर्णय आमदारांच्या हात वर करण्यावर सोडायचा नाही, लोकांना थेट विचारा, ही त्यांची मागणी होती. मुंबईत आणि इतरत्र गेलेल्या गोमंतकीयांनाही मत द्या, असेही त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला. आजच्या राजकारणात हे ऐकायला नवलाचे वाटते.

प्रचारात गंमत अशी, की महाराष्ट्रात जाऊ नका असे सांगणारा एक बिनीचा आवाज मराठीच होता. मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतून विलीनीकरणाविरुद्ध लिहीत होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलेच. पलीकडे बा. द. सातोस्करांचे ‘गोमन्तक’ विलीनीकरणाची बाजू मांडत होते. उल्हास बुयांव यांची विलीनीकरणाविरुद्धची कोंकणी गाणी गावोगाव गाजत होती. मराठी वाचणारा तो महाराष्ट्राचा, हे मुंबई-पुण्यातले गृहीतक यात उघडे पडत होते. ते फारसे कुणी पाहिले नाही.

निकाल लागला. संघप्रदेशाच्या बाजूने 1,72,191 मते, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021 मतांचा.

खरा अर्थ कळला तो त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. त्याच वर्षी मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला! कूळ, जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार, शिक्षणाला भुकेला बहुजन समाज या सगळ्यांना भाऊ आपले वाटत. पण भाऊ आपले म्हणून भाऊंचा प्रत्येक निर्णय आपला, असे मतदारांनी मानले नाही. पणजीचे सरकार हाताशी आहे, ते सोडून दूरच्या मुंबईच्या दारात कशाला उभे राहायचे, हा हिशेब त्यांना जमत होता. निवडणुकीत पक्षासोबत विलीनीकरणाचाही कौल मिळाला, असे 1963 पासून सगळे धरून चालले होते. प्रश्न सुटा करून विचारला, तेव्हा उत्तर वेगळे आले. सार्वमताचे प्रयोजन मला यातच दिसते.

महाराष्ट्राला हे पचायला जड गेले, आणि त्याला कारणही होते. म्हैसूर राज्याशी (आजच्या कर्नाटकाशी) चाललेल्या सीमावादात आपण खेडे घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या यांच्या जोडीला ‘लोकेच्छा’ हा निकष मांडत होतो. बेळगावला लोकेच्छा मोजायला कुणी मतपेटी ठेवली नाही. 1967 मध्येच आलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाने ते शहर म्हैसूरकडेच ठेवले. गोव्यात मात्र लोकेच्छा मोजली गेली आणि ती आपल्याविरुद्ध गेली. तत्त्व दोन्हीकडे एकच होते, हे मान्य करणारा मराठी आवाज तेव्हा क्षीण होता.

मतपत्रिकेत एक उणीव राहून गेली. पर्याय दोनच होते, स्वतंत्र घटक राज्याचा तिसरा पर्यायच नव्हता. पानांवर शिक्का मारणाऱ्यांना दिल्लीच्या अखत्यारीतला संघप्रदेश कायमचा हवा होता की महाराष्ट्र तेवढा नको होता, हे त्या आकड्यांतून कळत नाही. राज्याचा दर्जा मिळायला 30 मे 1987 उजाडावे लागले. त्याआधी काही महिने कोंकणी राजभाषा झाली, तीही रस्त्यावरच्या आंदोलनातून आणि बळी गेल्यावर. भाषेचा तंटा 1967 च्या मतपत्रिकेत आडून होताच, पण त्यावर मत कुणी मागितले नव्हते.